गैरहजर माणसाची गोष्ट

गीबत वाईट असते, हे आमच्या घरांतल्या मुलांना फार लवकर शिकवले जाते. एखाद्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी असे काही बोलायचे, जे त्याने ऐकले तर त्याला आवडणार नाही, ती गीबत. यावर कोणतेही चौकस मूल विचारते, पण ते खरे असेल तर? उत्तर असे की, खरे असेल तरच ती गीबत. खोटे असेल तर ते बोहतान, म्हणजे तोहमत, आणि त्याचा हिशेब वेगळा. हदीसमध्ये हा खुलासा स्पष्ट आला आहे, आणि तो ऐकून मोठी माणसेही थोडी गोंधळतात. कारण कोर्टकचेरीत आपल्याला उलटे ठाऊक असते. तिथे बदनामीच्या दाव्यात 'मी खरे तेच बोललो' हा मोठा बचाव असतो. इथे तो बचाव चालत नाही. माणूस खोलीत नव्हता, एवढी एकच गोष्ट खऱ्यालाही खोट आणते.

सिनेमा आणि टीव्ही यांविषयी आम्ही मुसलमान जेव्हा तक्रार करतो, तेव्हा ती बहुतेक वेळा बोहतानची असते. पठाण म्हटला की सुरा, बाई म्हटली की कोठा, नवाब म्हटला की पडका वाडा, आणि गेल्या तीसपस्तीस वर्षांत काहीच सुचले नाही की दहशतवादी. आम्ही असे नाही, असे आम्ही म्हणतो. तक्रार रास्त आहे. पण तिच्या पोटात एक गृहीत लपलेले असते, की चित्र खरे काढले असते तर आमची हरकत नव्हती. गीबतीचा विचार नेमका याच गृहीतापाशी येऊन अडतो. समजा, चित्र खरे आहे. तरी ज्याचे ते आहे त्याला कोणी विचारले होते का? ते काढले जात असताना तो तिथे होता का? आणि ते दाखवले जात असताना प्रेक्षकांत तोही बसलेला असेल, हे कोणाच्या मनात तरी आले होते का?

हे प्रश्न स्वतःच्या घराला लावायला गेले की डोके तापते आणि विचार बाजूला राहतो. म्हणून आम्ही ते एका दूरच्या घराला लावून पाहिले. ऑस्ट्रेलिया निवडण्याचे कारण एवढेच की तिथे हा वाद गेली पन्नास वर्षे दबक्या आवाजात राहिलेला नाही. कायद्यात, सरकारी अनुदानात, वाहिन्यांच्या परवान्यांत तो उघडपणे खेळला गेला आहे.

आमच्याकडे ऑस्ट्रेलिया म्हणजे क्रिकेट. पहाटे उठून पाहिलेले मेलबर्नचे सामने, हिरवीगार मैदाने, कडेला उघड्या अंगाने बसलेले गोरे प्रेक्षक. सिनेमाच्या बाबतीत आमचा आणि त्या देशाचा जुना धागा एकच, आणि तोही उलटा. पर्थ शहरात १९०८ साली जन्मलेली मेरी इव्हान्स नावाची मुलगी मुंबईत नादिया झाली आणि १९३५च्या 'हंटरवाली'ने तिने आमच्या आजोबांच्या पिढीला खुर्चीवरून उठवले. तिच्या जन्मभूमीने काय काय चित्रित केले याची मात्र आम्हाला फारशी कल्पना नसते. खरे तर पूर्ण लांबीचा कथापट जगात पहिल्यांदा तिथेच झाला असे मानतात. मेलबर्नमध्ये १९०६च्या डिसेंबरात दाखवलेला 'द स्टोरी ऑफ द केली गँग' तासाभराहून अधिक लांबीचा होता. आज त्यातली जेमतेम पंधरासतरा मिनिटे उरली आहेत. पुढे 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' (१९७५) सारखा धुक्यासारखा चित्रपट, 'मॅड मॅक्स' (१९७९) सारखा धडाकेबाज, 'क्रॉकोडाईल डंडी' (१९८६), डुकराच्या पिल्लाचा 'बेब' (१९९५). टीव्हीवर 'स्किप्पी' नावाची कांगारू, बायकांच्या तुरुंगावरची 'प्रिझनर', १९८५पासूनची 'नेबर्स', आणि २०१८पासून जगभरच्या लहान मुलांना वेड लावणारी ब्लुई नावाची कुत्री. दुकानाच्या काचेत माल भरपूर आणि रंगीबेरंगी आहे. आमचा प्रश्न मालाचा नाही. त्या काचेच्या आत कोण उभे होते आणि बाहेरून कोण पाहत होते, याचा आहे.

'जेडा' हा १९५५चा चित्रपट घ्या. दिग्दर्शक चार्ल्स शॉव्हेल. ऑस्ट्रेलियातला पहिला रंगीत कथापट, आणि मुख्य भूमिकांत दोन मूळनिवासी कलावंत घेणाराही पहिलाच. एका गोऱ्या बाईचे मूल दगावते, ती एका मूळनिवासी तान्ह्या मुलीला आपल्या घरी वाढवते, तिला तिच्या माणसांपासून दूर ठेवते. मुलगी मोठी होते तेव्हा मार्बक नावाचा रानातला पुरुष तिला पळवून नेतो, आणि शेवटी दोघेही कड्यावरून कोसळतात. चित्रपट दुष्ट बुद्धीने केलेला नाही. शॉव्हेल दांपत्याने त्यासाठी अपार कष्ट उपसले. शेवटच्या भागाच्या फिल्मची पेटी विमान अपघातात नष्ट झाली, तेव्हा त्यांनी तो भाग हजारो मैलांवर सिडनीजवळच्या डोंगरात पुन्हा चित्रित केला. त्या कष्टांविषयी आदरच वाटतो.

पण जेडा झालेली मुलगी कोण होती? रोझली कुनोथ, शाळकरी वयाची, ॲलिस स्प्रिंग्जच्या वसतिगृहात राहणारी. तिचे नावही श्रेयनामावलीत बदलून 'नगार्ला' असे केले गेले, कारण ते गोऱ्या कानांना अधिक 'मूळचे' वाटणार होते. तिच्या लोकांत कोणत्या पुरुषाच्या किती जवळ जायचे याचे नियम अत्यंत कडक. कॅमेऱ्यापुढे तिला जे करायला लावले ते त्या रिवाजात लाजेने मान खाली घालण्यासारखे होते, असे तिने पुढे मोठेपणी सांगितले. तिला कोणी विचारले नव्हते, आणि विचारण्याजोगे काही आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. गंमत अशी की, याच चित्रपटात मिश्र वंशाच्या मुकादमाची भूमिका मात्र एका गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून केली आहे. आणि मार्बकची भूमिका करणारे रॉबर्ट टुडावाली देशभर गाजले, पण १९६७ साली भाजून, गरिबीत वारले.

येथे आम्हाला बोहतान फारसे दिसत नाही. त्या काळी मुले खरोखरच आईबापांपासून तोडून गोऱ्यांच्या घरी आणि संस्थांत वाढवली जात होती. चित्रपटाने ते दाखवले आहे. फक्त ते दाखवताना प्रेक्षक म्हणून समोर गोरा माणूसच बसलेला आहे, असे धरून चालले आहे. मुलगी परत आपल्या माणसांकडे ओढली जाते, याला चित्रपट 'रक्ताची हाक' म्हणतो आणि उसासा टाकतो. ज्या आईची मुलगी गेली ती आई हा उसासा ऐकत असेल, ही शक्यता त्याच्या हिशेबातच नाही.

तिने तो ऐकला होता, हे कळायला पस्तीस वर्षे गेली. ट्रेसी मॉफट या मूळनिवासी चित्रकर्तीने १९९० साली 'नाइट क्राइज' नावाचा सतरा मिनिटांचा लघुपट केला. त्यात ती जेडा कड्यावरून पडून मेलीच नाही. ती आता प्रौढ झाली आहे, आणि तिला वाढवणारी गोरी आई म्हातारी, अपंग होऊन पडली आहे. ही तिला भरवते, तिचे पाय धुते. राग, कंटाळा, आणि नाव देता येत नाही अशी माया, सगळे त्या सतरा मिनिटांत आहे. मॉफट स्वतः गोऱ्या घरात वाढलेल्या. ज्यांच्याविषयी बोलले गेले त्यांनी खोलीत येऊन बोलायला सुरुवात केली की आवाज कसा बदलतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी हे दोन चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत.

मधल्या काळातले काही नमुने थोडक्यात सांगतो. 'नीनो कुलोटा' या इटालियन नावाने १९५७ साली एक विनोदी पुस्तक निघाले, 'दे आर अ विअर्ड मॉब'. इटलीहून आलेला एक भोळा माणूस ऑस्ट्रेलियन लोकांच्या बोलीने आणि बिअरने चक्रावतो आणि शेवटी त्यांच्यात सामील होतो. पुस्तक प्रचंड खपले. लेखक होते जॉन ओग्रेडी, आयरिश वंशाचे. १९६६ साली त्यावर चित्रपट आला, तोही गाजला. पाहुण्याच्या तोंडून यजमानाची स्तुती, आणि पाहुण्याचे तोंडही यजमानाचेच! १९७२ साली 'बोनी' नावाची गुप्तहेर मालिका आली. नायक मिश्र वंशाचा मूळनिवासी, आणि भूमिका न्यूझीलंडच्या एका गोऱ्या नटाने रंग लावून केली. त्या वर्षी देशात एकही मूळनिवासी नट नव्हता असे नाही. डेव्हिड गुल्पिलिल 'वॉकअबाउट'मधून त्याच्या आदल्याच वर्षी सगळ्या जगाला दिसले होते.

आता अधिक अवघड उदाहरण. १९०० साली जिमी गव्हर्नर नावाच्या मूळनिवासी तरुणाने अपमानांनी पेटून गोऱ्या बायकामुलांची हत्या केली. १९०१च्या जानेवारीत, म्हणजे ऑस्ट्रेलिया हे एकसंध राष्ट्र जाहीर झाले त्याच महिन्यात, तो फासावर गेला. टॉमस कनीली यांनी त्यावर १९७२ साली कादंबरी लिहिली आणि फ्रेड शेपिसी यांनी १९७८ साली चित्रपट केला, 'द चांट ऑफ जिमी ब्लॅकस्मिथ'. दोघेही गोरे, दोघेही न्यायाच्या बाजूचे. मजुरी बुडवणारा मालक, कुंपणाचे खांब मोजणारा त्याचा तो थंडपणा, हे सगळे इतक्या सच्चेपणाने आले आहे की पाहताना आपल्याच गावातला कोणी सावकार आठवावा. तरीही पुढे कनीली स्वतःच म्हणाले की, आज लिहायची झाली तर मी मूळनिवासी माणसाच्या मनात शिरून ही कादंबरी लिहिणार नाही.

यावर आमचे मत लगेच होकारार्थी होत नाही. प्रत्येकाने आपल्याच जातीधर्माचे लिहायचे असे ठरले, तर साहित्य म्हणजे जातपंचायतींच्या इतिवृत्तांची चळत होईल. प्रेमचंदांनी 'ईदगाह'मधला हमीद लिहिला. आजीसाठी चिमटा विकत घेणारे ते पोर आमच्या घरातले नाही, असे कोणत्या मुसलमानाने म्हटले? आम्हालाही शेजारच्या देशपांड्यांवर, महारवाड्यातल्या मित्रावर लिहिता यायला हवे. तेव्हा गीबतीचा विचार असे सांगत नाही की, दुसऱ्याविषयी तोंड उघडू नका. तो एवढेच विचारतो की, हेच तुम्ही त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांत पाहून बोलला असता का? हमीदची गोष्ट प्रेमचंद ईदगाहच्या पायऱ्यांवर बसून वाचून दाखवू शकले असते. 'जेडा' रोझलीच्या आईसमोर दाखवणे शक्य होते का?

समोर बसवून गोष्ट सांगितली की काय होते, याचे एक उदाहरण आम्हाला फार मोलाचे वाटते. रॉल्फ द हीर हे नेदरलँड्समध्ये जन्मलेले गोरे दिग्दर्शक. डेव्हिड गुल्पिलिल यांनी त्यांना आपल्या मुलखात, उत्तरेकडच्या रामिंगिनिंग वस्तीवर यायला सांगितले आणि एक जुने छायाचित्र दाखवले. डोनाल्ड थॉमसन या मानवशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात काढलेले: दलदलीच्या पाण्यात सालीच्या दहा होड्या, त्यांत उभी माणसे, हंसांची अंडी गोळा करायला निघालेली. यावर चित्रपट कर, असे गुल्पिलिल म्हणाले. २००६ साली 'टेन कनूज' आला. संवाद सगळे मूळनिवासी भाषांत. असा तो पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट.

वस्तीतल्या लोकांनी छायाचित्रातल्या एकेका माणसाशी आपले नाते सांगितले, आणि त्या माणसाची भूमिका त्याच्याच वारसाने करायची असे ठरले. पडद्यावर नवराबायको दाखवायचे तर त्या दोघांचे नाते रिवाजाने लग्नाला चालणारे असले पाहिजे. दिग्दर्शकाला कोण योग्य वाटतो हा प्रश्न तिथे दुय्यम ठरला. थॉमसनच्या काळातला भाग कृष्णधवल हवा, कारण आमचे वाडवडील आम्हाला तसेच दिसतात. आणि त्याहून प्राचीन काळची गोष्ट रंगीत. सालीच्या होड्या करण्याची विसरत चाललेली विद्या म्हाताऱ्यांनी पुन्हा हाताखालून घातली. रोझलीच्या बाबतीत जे नियम कोणाला ठाऊकच नव्हते, त्यांनीच इथे पात्रे निवडली, रंग निवडले. आणि निघाले काय? करुण, गंभीर, 'प्राचीन संस्कृतीचे दर्शन' वगैरे? चित्रपटाच्या सुरुवातीलाच रानातून रांगेने चाललेले पुरुष एकमेकांच्या पादण्यावरून थट्टा करत आहेत. आम्ही हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा खरोखर हायसे वाटले. ज्याला स्वतःवर हसायची मोकळीक आहे, तोच पडद्यावर पूर्ण माणूस असतो. दुसऱ्याने सहानुभूतीने काढलेल्या चित्रात ही मोकळीक सहसा मिळत नाही. सहानुभूतीला हसण्याची भीती वाटते.

हाच विनोद टीव्हीवरही आला, आणि त्याची सुरुवात एका भीतीतून झाली. १९८५ साली ऑस्ट्रेलियाने उपग्रह सोडला, आणि वाळवंटातल्या दूरदूरच्या वस्त्यांवर इंग्रजी टीव्ही येणार हे नक्की झाले. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे तीनशे किलोमीटरवर युएन्डुमू ही वार्लपिरी लोकांची वस्ती आहे. मुले घरातली भाषा विसरतील, या धास्तीने तिथल्या लोकांनी त्याच वर्षी परवान्याविना आपलेच छोटे दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले. कोणी वारले की त्या माणसाची टेप बाजूला ठेवली जाई, कारण मृताचे नाव आणि रूप काही काळ समोर आणायचे नाही असा रिवाज. याच धडपडीतून पुढे २००१ साली 'बुश मेकॅनिक्स' ही मालिका आली. खटारा मोटार, ओसाड माळ, आणि वस्तीतली तरुण पोरे. टायर फुटला तर त्यात रानगवत ठासून भरायचे आणि निघायचे. आमच्या मराठवाड्यातल्या कोणत्याही गॅरेजवाल्या सलीमभाईने ही मालिका पाहिली तर भाषेचे अक्षरही न कळता तो मान डोलावील.

मृतांच्या त्या रिवाजामुळे ऑस्ट्रेलियन टीव्हीवर एक सूचना आता नेहमीची झाली आहे. कार्यक्रमाच्या आधी सांगतात की, मूळनिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील प्रेक्षकांनी ध्यानात घ्यावे, यात मृत व्यक्तींची चित्रे व आवाज असू शकतात. आमच्या सिनेमांतही सुरुवातीला सूचना असते, की सर्व पात्रे काल्पनिक आहेत. ती असते कोर्टासाठी. ही असते प्रेक्षकांत बसलेल्या एका विशिष्ट माणसासाठी. तू इथे आहेस हे आम्हाला ठाऊक आहे, असे ती त्याला सांगते. आमच्या वडीलधाऱ्यांना तसबिरीचे वावडे होते, फोटो काढू देत नसत; त्यांची कारणे दिनी होती, या लोकांची वेगळी आहेत. तरी चित्र घेतले की ज्याचे घेतले त्याचे काहीतरी आपल्याकडे येते आणि ते सांभाळावे लागते, ही जाणीव दोन्हीकडे आहे. तिला मागासलेपण म्हणून हसणाऱ्यांत आमच्यापैकीही पुष्कळ जण होते.

आता मुसलमानांकडे वळू. देशांतरितांच्या भाषांसाठी एसबीएस ही सरकारी वाहिनी १९८० साली सुरू झाली. ग्रीक आणि स्पॅनिश वंशाच्या नटांनी आपल्यालाच दिल्या जाणाऱ्या शिवीवर नाटक रचले आणि त्यातून 'अक्रॉपोलिस नाऊ' (१९८९) ही मालिका निघाली. मग २००० साली 'पिझ्झा' आली, ओबडधोबड, कधीकधी ओंगळ. हिंदुस्थानी कुटुंब 'नेबर्स'च्या गल्लीत मुख्य पात्रे म्हणून राहायला यायला २०११ उजाडले, आणि दोनेक वर्षांत ते गेलेही. दरम्यान ११ डिसेंबर २००५ रोजी सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर हजारोंचा जमाव जमला आणि अरबी चेहऱ्याच्या जो कोणी दिसला त्याला मारहाण झाली. लेबनानी म्हटला की मुसलमान, हे समीकरण तोवर पक्के झाले होते; लेबनानी ख्रिस्तीही तिथे पुष्कळ आहेत हे सांगायला कोणाला सवड नव्हती.

त्यानंतर २००९ साली दोन चित्रपट आले, 'द कॉम्बिनेशन' आणि 'सीडर बॉइज'. दोन्ही सिडनीच्या पश्चिम उपनगरांतल्या लेबनानी तरुणांवर, आणि दोन्ही त्या वस्त्या जाणणाऱ्यांनीच केलेले. म्हणजे गैरहजेरीचा प्रश्न सुटला म्हणायचा. पण गोष्ट कोणती? अमली पदार्थ, टोळी, तुरुंग. चित्रपट वाईट नाहीत. 'सीडर बॉइज'मधली श्रीमंत वस्तीकडे टक लावून पाहणारी पोरांची नजर विसरता येत नाही. तरी मनात येते की आपला माणूस बोलायला उभा राहिला आणि समोरच्याला जे ऐकायची सवय होती तेच बोलला. खोलीत असणे आणि खोलीत मोकळे असणे यांत अंतर आहे. पैसा ज्याचा, तिकीट ज्याचे, त्याच्या कानाचे माप घेऊनच जीभ चालते, हे आम्हा मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांनी कोणाकडून शिकायला नको. तलाकवर, बुरख्यावर लिहा म्हणून दिवाळी अंकांची पत्रे येत आली. पावसावर लिहा म्हणून किती आली?

या दृष्टीने 'अलीज वेडिंग' (२०१७) मोठा दिलासा देतो. उसामा सामी हे मेलबर्नमधल्या इराकी धर्मगुरूंचे चिरंजीव. वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही हे वडिलांना सांगायचे धैर्य झाले नाही, म्हणून मिळाला असे ठोकून दिले आणि कॉलेजात जाऊन बसू लागले. हे त्यांच्या आयुष्यात खरेच घडले. तेच त्यांनी अँड्र्यू नाइट यांच्यासह लिहिले आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. मशीद आहे, तिथे सद्दामवर संगीत नाटक बसवले जाते, ठरवलेले लग्न आहे, आणि दुसऱ्याच मुलीवर जडलेले प्रेम आहे. बाँब नाही. कोणी कोणाला सुधारत नाही. 'लोक काय म्हणतील' या भीतीने थापांवर थापा मारणारा हा अली औरंगाबादेत, मिरजेत, रत्नागिरीत शेकड्यांनी सापडेल. वडिलांची भूमिका केली आहे डॉन हॅनी यांनी. त्यांनीच २००७पासून 'ईस्ट वेस्ट १०१' या मालिकेत झेन मलिक हा मुसलमान गुप्तहेर उभा केला होता. 'बोनी'पासून इथवर यायला पस्तीस वर्षे लागली.

पण २०१६ साली टीव्हीचे सर्वोच्च बक्षीस, गोल्ड लोगी, वलीद अली यांना मिळाले, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरून सांगितले की, आताच एक जण मला भेटला. त्याचे नाव मुस्तफा आहे, पण काम मिळणार नाही म्हणून तो ते नाव लावू शकत नाही. हे ऐकून आमच्या कोणाला धक्का बसायचे कारण नाही. युसूफ खानचा दिलीपकुमार आणि महजबीनची मीनाकुमारी मुंबईतच झाली. तरी ऐंशी वर्षांनीही तेच चालावे?

एक हरकत राहते. गीबतीला अपवाद आहेत. इमाम नववींनी सहा सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिला मजलूमाचा: ज्याच्यावर जुलूम झाला त्याने जालिमाचे नाव घेऊन दाद मागावी. याच्या आधारे कोणी म्हणेल की, दुबळ्याने बोलावे, सबळाने गप्प राहावे, प्रश्न मिटला. पण वॉरिक थॉर्नटन यांचा 'सॅमसन अँड डिलाइला' (२००९) पाहा. थॉर्नटन ॲलिस स्प्रिंग्जचे, तिथल्या मूळनिवासी माध्यमसंस्थेत छायाचित्रण शिकलेले. कान महोत्सवात पहिल्या चित्रपटाचे बक्षीस त्यांना मिळाले. त्यात जालिम गोरा क्वचितच दिसतो. पेट्रोल हुंगून मेंदू बधिर झालेला मुलगा दिसतो, आजी वारली म्हणून नातीला काठ्यांनी मारणाऱ्या तिच्याच नात्यातल्या बाया दिसतात. मजलूमाने स्वतःच्या घराविषयी बोलले आहे, आणि घरच्यांना आवडणार नाही असे बोलले आहे.

आम्हाला इथे खरी कसोटी दिसते. कारण आमच्यातही गैरहजर माणसे आहेत. आमच्या संमेलनांत, आमच्या अंकांत मुस्लिम स्त्रीवर जे चर्चासत्र होते त्यात व्यासपीठावर किती बाया असतात? बागवान, पिंजारी, छप्परबंद यांच्या दुःखावर लेख कोण लिहितो आणि तो लेख त्यांच्या हाती पडतो का? बहुसंख्य समाजाने आमची गीबत केली ही तक्रार करताना आम्हीही पडदा पाडून आत कोणाविषयी तरी बोलतच असतो, आणि ते बहुतेक वेळा खरेच असते. थॉर्नटन यांची ताकद अशी की, त्यांनी ते दोन पोरांच्या तोंडावर सांगितले. दोघेही त्याच मुलखातले, कधी अभिनय न केलेले. डिलाइला झालेली मुलगी त्या बायांकडे ज्या नजरेने पाहते, त्या नजरेत गाऱ्हाणे आहे, पण परक्याकडे केलेली चहाडी नाही.

गैरहजरांत सर्वांत जुने मात्र आमच्याच मुलखाकडून गेलेले. १८६० साली कराचीहून उंट आणि उंटवाले मेलबर्नला उतरले. पुढच्या साठेक वर्षांत बलुची, पंजाबी, सिंधी, पठाण असे हजारो लोक गेले; सगळ्यांना तिथे 'अफगाण' म्हणत. लोकर, पाणी, तारेचे खांब, रेल्वेचे सामान, वाळवंटात सगळे यांच्या उंटांवरून पोचले. त्यांनी मशिदी बांधल्या, पुष्कळांनी मूळनिवासी बायकांशी निकाह लावले, आणि १९०१नंतरच्या गोऱ्यांपुरत्या कायद्यांनी त्यांची वाट बंद केली. ते काम करत होते त्याच दशकांत तिथे सिनेमा जन्माला येऊन वाढत होता, पण पडद्यावर ते आले तर कडेकडेने. उंटवाला नायक असलेला 'द फर्नेस' हा चित्रपट आला २०२० साली. १८९७चा काळ, हनीफ नावाचा तरुण, त्याची मूळनिवासी बादिमाया लोकांशी दोस्ती. हनीफ झालेले अहमद मालेक इजिप्तचे. या भूमिकेसाठी ते पश्तो आणि बादिमाया शिकले.

ब्रोकन हिल गावात उंटवाल्यांची पत्र्याची एक जुनी मशीद आहे. तिच्यात एक जाडजूड ग्रंथ ठेवलेला होता आणि त्यावर कुराण अशी नोंद होती. समिया खातून या इतिहासकाराने तो उघडला तेव्हा आत बंगाली निघाले. तो होता कलकत्त्याला छापलेला 'कससुल अंबिया', पैगंबरांच्या पद्यकथांचा. २०१८ साली त्यांनी त्यावरून 'ऑस्ट्रेलियानामा' हे पुस्तक लिहिले. बंगालमध्ये अशी पोथी एकट्याने मनात वाचत नाहीत. एक जण मोठ्याने गातो आणि बाकीचे भोवती बसून ऐकतात.